तोरेदांचं कोपर

आमच्या इलोइलो शहरात एखादा सर्जन डॉक तोरेदांच्या हाताखाली शिकलाय की नाही, हे विचारावं लागत नाही. तो दुर्बिणीचं ऑपरेशन करत असताना दारातून एकदा बघितलं की पुरे. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला, मान उजवीकडे वळलेली, सगळा भार डाव्या पायावर. मी भूल देणारी डॉक्टर. मारिलू माझं नाव. पेशंटच्या डोक्याशी बसून वर्षानुवर्षं मी ही माणसं हिरव्या कापडाच्या वरून बघत आलेय. त्यांच्यात सगळ्यात उंच होती जेम्मा फाउलान.

जेम्मा मियागावची, शाळामास्तरांची मुलगी. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायची आणि नेटपाशी उडी मारून असा फटका हाणायची की समोरच्या मुली आधीच बाजूला व्हायच्या. बोटं लांबसडक. हातमोज्यांचा मोठा नंबर आमच्याकडे कुणाला लागत नसे, तो फक्त तिच्यासाठी मागवावा लागायचा.

आणि तिचे गुरू, डॉक एलिसेओ तोरेदा, अगदी लहानखुरे. त्यांचे हात शाळकरी पोराएवढे. पण पोट न फाडता, चार छोट्या भोकांतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन आमच्या बेटावर आणलं ते त्यांनी. पहिली हत्यारं परदेशातून देणगी म्हणून आलेली होती. हातभर लांब दांडी, टोकाला चिमटा आणि मुठीला कात्रीसारख्या दोन कड्या. दांडी पोटाच्या भोकात अडकलेली असते, त्यामुळे होडीच्या कडेला बांधलेल्या वल्ह्यासारखा प्रकार होतो. मूठ डावीकडे नेली की आतलं टोक उजवीकडे जातं, मूठ वर केली की टोक खाली. हे हातात बसायलाच वर्ष जातं. त्या वर्षभरात गुरू जसा उभा राहतो तसा शिष्य उभा राहायला लागतो.

डॉक तोरेदा फार बोलत नसत. शिकणाऱ्याच्या मागे उभे राहायचे आणि कुणाचं कोपर खाली आलं की मिटलेल्या चिमट्याने खालून टक् करून मारायचे. "कोपर," म्हणायचे. "कोपर पडलं की नजर पडते, इंदाय." इंदाय म्हणजे पोरी. जेम्माला ते कायम तसंच म्हणत. जेम्माचं कोपर पहिल्या वर्षी खूपदा पडायचं. दुसऱ्या वर्षी कधीच पडलं नाही. लोक म्हणायला लागले, तोरेदा ताणून उंच केला की जेम्मा होते. हे ऐकून ती लाजायची, पण तिला ते आवडायचं.

डॉक निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा तिलाच मिळाली. दिवसाला चार-पाच ऑपरेशनं. संध्याकाळी ती कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला खांदा घासत उभी राहायची. मी म्हणायचे, "म्हैस झालीयेस अगदी." ती म्हणायची, "म्हशीला निदान पाण्यात बसायला मिळतं."

अशातच जूड सालिबियो आमच्याकडे आला. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा बारीकसा मुलगा. त्याला लहान हातांसाठी हत्याराची नवी मूठ बनवायची होती, कारण इथल्या बहुतेक सर्जनांना ही मूठ मोठी पडते. त्यासाठी त्याने एका लांब बाह्यांच्या बंडीवर खांदा, कोपर आणि मनगटाशी छोटे सेन्सर शिवले होते. ती बंडी घालून ऑपरेशन केलं की हात किती वर गेला, किती वळला, सगळं त्याच्या लॅपटॉपवर उमटायचं.

"लहान हातांचे सगळे मापून झाले," तो म्हणाला. "आता तुलनेला एक मोठा हात हवाय."

"मग आमच्या मॅमशिवाय आहेच कोण," सिस्टर नेनिंग म्हणाली. ती जेम्माला हत्यारं देणारी, जिभेला हाड नसलेली. "त्यांचा हातमोजा मी पावसात डोक्यावर घालून घरी जाते."

जेम्माने बंडी घातली. आठवडाभर घालून काम केलं. मग जूड दिसेनासा झाला आणि काही दिवसांनी पुन्हा बंडी घेऊन आला. म्हणाला, सेन्सर बिघडला असावा, पुन्हा मापू. पुन्हा मापलं. त्यानंतर तो डॉक्टरांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला, तेव्हा मी तिथेच डबा खात होते.

"मॅम, रागावू नका," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मला कळतं. त्यांच्या बोटांना मूठ पुरत नाही, टेबल उंच पडतं, म्हणून ते कोपर उचलतात. तुमच्या हाताला ही मूठ बरोबर बसते. टेबल तुम्हाला हवं तेवढं खाली जातं. तरी तुमचं कोपर त्यांच्यापेक्षा वर आहे."

"असंच करतात," जेम्मा म्हणाली.

"का पण?"

"नजर पडते म्हणून."

जूड जरा गोंधळला. "नजर तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर असते ना, मॅम?"

जूडने एक हत्यार उचलून हातात धरलं. "ही मूठ ज्याने बनवली त्याने गृहीत धरलंय की कोपर बरगडीजवळ असणार. तसं धरलं की मनगट सरळ राहतं. कोपर वर गेलं की मनगट वाकतं, आणि मनगट वाकलं की या कडीची धार अंगठ्याच्या नसेवर येते. हे बघा, इथे. तुमचा अंगठा बधिर होतो का?"

"नाही," जेम्मा म्हणाली.

तो गेल्यावर तिने मला विचारलं, "रविवारी मोलोला येतेस? डॉककडे जायचंय."

मोलोतल्या त्यांच्या घरी आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक तोरेदा ओसरीत वेताच्या खुर्चीत बसले होते. मानेला पट्टा. मानेचं दोनदा ऑपरेशन होऊनही उजवा हात मांडीवर ठेवून दिलेल्या वस्तूसारखा पडलेला. त्यांची बायको, मानांग (म्हणजे ताई) आउरेलिया, त्यांना आंब्याच्या फोडी भरवत होती.

"आली बघा तुमची लाडकी," ती म्हणाली. "आता तरी तोंड उघडा, मला तासभर झालाय."

जेम्मा समोर बसली. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "डॉक, मला कोपर वर ठेवायला का शिकवलंत?"

"कारण माझं वर होतं."

"तुमचं का होतं?"

म्हाताऱ्याने तोंडातली फोड सावकाश गिळली. "जुन्या थिएटरमधलं टेबल आठवतं? नाही, तू यायच्या आधीचं. त्याचा पंप गंजला होता. टेबल खाली जायचंच नाही. पोट फाडून करायचं तेव्हा ती उंची चालायची. ही लांब हत्यारं आली आणि मूठ माझ्या छातीशी यायला लागली. स्टूल घेतलं, तर रक्तवाहिन्या डागायच्या यंत्राचं पायाने दाबायचं पेडल त्यावर मावेना. दोनदा पडलो. एकदा तर पेशंटच्या अंगावर. मग कोपर उचललं. झालं."

"आणि नजर पडते ते?"

"ते नंतर सुचलं."

"यांना सगळं नंतरच सुचतं," मानांग म्हणाली. "लग्नसुद्धा."

जेम्मा हसली नाही. "मी उंच होते, डॉक. माझ्या वेळी नवीन टेबल आलं होतं. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. चांगलं दिसत होतं." त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते तिच्या पलीकडच्या झाडाकडे बघत बोलत होते. "माझ्यापेक्षा हातभर उंच पोरगी अगदी माझ्यासारखी उभी राहायची. मला बरं वाटायचं ते."

मग मानांगने मला आत बोलावलं, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दाखवायला. ओसरीवर पुढे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. जेम्माने ते मला खूप नंतर सांगितलं. डॉकनी तिला विचारलं होतं, "अंगठा?" आणि तिने त्यांच्यापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं की नाताळापासून अंगठ्याला काही कळत नाही. आधी ऑपरेशन संपलं की तासाभरात भान परत यायचं, आता येतच नाही. डॉक म्हणाले, "माझाही गेला होता. अंगठा गेला तरी डोळ्यांनी भागतं. मी सहा वर्षं भागवलं. कुणाला कळलं नाही."

आम्ही परत निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कोपर खाली आण, इंदाय." आणि तिने वळून विचारलं, "आता?" तेव्हा म्हणाले, "मला विचारू नकोस. मला शर्टाचं बटण लावता येत नाही."

जेम्माने मनावर घेतलं. घरी एका खोक्यात भोकं पाडून ती सरावाला बसली. कोंबडीच्या तंगड्या आणून त्यांची कातडी सोलायची, दोऱ्याच्या गाठी मारायच्या, कोपर बरगडीशी दाबून. कोपर पुन्हा उठू नये म्हणून काखेत टॉवेलची गुंडाळी धरायची. थिएटरमध्ये तिने टेबल खाली घ्यायला लावलं. नेनिंग म्हणाली, "मॅम, आता ऑपरेशन करायचं की पेशंटला पाळण्यात घालायचंय?" सोपी ऑपरेशनं तिने नव्या पद्धतीने केली. वेळ जास्त लागायचा, पण व्हायची. जूड पुन्हा बंडी घेऊन आला आणि लॅपटॉपवरची रेघ खाली आलेली बघून खूश झाला. खांदा दुखायचा कमी झाला, असं तीही म्हणाली. अंगठ्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये लुदिविना तेरुएल आली. तिग्बाउआनला तिचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. नवरा रोदेलियो मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला, वर्षातले दहा महिने समुद्रावर. पित्ताशयात खडे, दोनदा दुखून गेलेलं, आता तिसऱ्यांदा. भूल द्यायच्या आधी मी तिचा हात धरला तर म्हणाली, "नीट झोपवा हो, डॉक. नवरा बोटीवर गेल्यापासून कुणी मला झोप म्हटलेलं नाही."

"किती तास झोपायचंय?"

"त्याचं कंत्राट संपेपर्यंत."

ती हसतच झोपली.

आत बघितलं तर पित्ताशय सुजून लाल झालेलं, आजूबाजूच्या सगळ्याला चिकटलेलं. जेम्माने सोडवायला सुरुवात केली. पहिला अर्धा तास कोपर खालीच होतं. मग एक छोटी रक्तवाहिनी फुटली आणि पडदा लाल झाला. असं होतं, दर महिन्याला होतं. नेनिंगने रक्त ओढून घ्यायची नळी पुढे केली. आणि मी कापडाच्या वरून बघितलं, जेम्माचं कोपर उठलं. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने ते खाली घेतलं. टोक आत भलतीकडे गेलं. तिने पुन्हा उचललं. पडद्यावर चिमटा त्या लाल तळ्यात आडवातिडवा फिरत होता, होडी भरकटली की वल्हं फिरतं तसा. ना जुन्या हाताचा, ना नव्या हाताचा.

"मॅम, थांबू या का?" नेनिंग म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची खोडी नव्हती.

"एक मिनिट."

चिमटा मिटला. जेम्माला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात मिटला, आणि काय धरलंय ते न कळताच तिने ओढलं. रक्त आता उसळून आलं.

"मला कळत नाहीये," ती हळूच म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हतं ते. मग मोठ्याने, "पोट उघडा. डॉक्टर मोंसालेंना बोलवा."

मोंसाले, आमच्याकडचे दुसरे सर्जन, आले. पोट उघडलं. रक्तस्राव थांबवला. मी रक्ताच्या पिशव्या लावत राहिले, दाब वर येत राहिला, आणि संध्याकाळी लुदिविना जागी झाली. आम्हाला वाटलं, वाचलो. पण यकृतातून पित्त आणणारी नळीही त्या ओढीत फाटली होती, आणि रक्ताच्या गोंधळात ती कुणाला दिसली नव्हती. दोन-तीन दिवसांनी पोटात बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून हिरवट पिवळं पाणी यायला लागलं. पुन्हा ऑपरेशन झालं, ते मोंसालेंनी केलं. मग पू झाला, मग ताप, मग मूत्रपिंडं बसली. ती शुद्धीवर असली की बहिणीला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या चादरींबद्दल सांगत असायची, कोणाच्या कुठल्या पिशवीत आहेत ते. जेम्मा रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या खाटेशी जायची. शेवटी लुदिविना तिला ओळखत नव्हती. सप्टेंबरच्या मध्यावर ती गेली.

रोदेलियो ब्राझीलच्या एका बंदरातून विमानं बदलत बदलत आला. तोवर शवपेटी दुकानामागच्या घरातच ठेवली होती, आणि रोज संध्याकाळी प्रार्थना चालू होती. रुग्णालयाच्या वकिलाने जेम्माला बजावलं होतं की तिकडे जायचं नाही आणि गेलात तर बोलायचं नाही. ती मला म्हणाली, "गाडी तू चालव. माझा हात नीट पकडत नाही." तेव्हा पहिल्यांदा, तिग्बाउआनच्या रस्त्यावर, तिने मला अंगठ्याचं आणि ओसरीतलं सगळं सांगितलं. मी गाडी कडेला घेतली. मला खूप काही म्हणायचं होतं. मी पुन्हा गाडी सुरू केली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत इस्त्रीच्या टेबलांवर पांढरी कापडं घालून त्यावर कॉफी आणि बिस्किटं मांडली होती. शेजारची माणसं खुर्च्यांवर बसली होती. काही पत्ते खेळत होती, जागरणाला खेळतात तसे. रोदेलियो रुंद बांध्याचा, हातांच्या रेघांत काळं तेल कायमचं मुरलेला माणूस. जेम्माने नाव सांगितल्यावर पत्ते थांबले.

"तुम्ही केलंत ऑपरेशन," तो म्हणाला.

"हो."

"कागद दिलेत मला त्यांनी. त्यातलं काही कळलं नाही. मला इंजिनातलं कळतं, पोटातलं नाही. सरळ सांगा."

जेम्माने उभ्या-उभ्याच सांगितलं. नळी फाटली ती माझ्या हाताने. माझा अंगठा बधिर होता. त्यात मी हात वापरायची पद्धत बदलत होते आणि ती पुरती बसलेली नव्हती. रक्त आलं तेव्हा मी लगेच पोट उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

"अंगठा बधिर आहे हे आधी माहीत होतं?"

"होतं."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. "मी लपवलं," ती म्हणाली. तोरेदांचं नाव तिने घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"मग आत गेलात कशाला?"

"वाटलं, जमेल."

रोदेलियोने मान हलवली. जणू एखाद्या पोरसवदा खलाशाने तेच उत्तर त्याला पूर्वी दिलं होतं. "बोटीवर एखाद्याचा हात असा झाला," तो म्हणाला, "आणि त्याने सांगितलं नाही, तर आम्ही त्याला पुढच्या बंदरावर उतरवतो. मारत नाही. बोलतसुद्धा नाही. उतरवतो." मग त्याने बाजूची एक खुर्ची ओढली. "प्रार्थना सुरू होतेय. संपेपर्यंत बसा. मग जा. परत येऊ नका."

आम्ही बसलो. बायका पुटपुटत होत्या, आणि जेम्मा त्यांच्यामागून ओठ हलवत होती. कॉफी कुणी विचारली नाही.

पुढे त्याने तक्रार केली. चौकशीला जेम्मा वकील न घेता गेली आणि रोदेलियोला सांगितलं होतं तेच सांगितलं. तिला काही काळ ऑपरेशन करायला बंदी झाली. बंदी उठल्यावरही तिने परत अर्ज केला नाही. जूडच्या छोट्या मुठी तयार झाल्या. दोन रुग्णालयांत वापरतात, चांगल्या आहेत म्हणतात. ज्यांचे हात लहान आहेत त्यांचं कोपर आता खाली आलंय. काहींचं आलेलं नाही. मोंसालेंच्या हाताखाली शिकायला आलेली एक मुलगी परवा तसंच कोपर वर धरून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "फाउलान मॅमचे जुने व्हिडिओ बघते मी घरी." मी मोंसालेंना सांगितलं. ते तिला समजावतायत.

डॉक तोरेदांना मीच जाऊन सगळं सांगितलं. मानांग नेमकी चर्चला गेली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "पंखा जरा माझ्याकडे वळव," आणि मी तो वळवला. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. अंत्यविधीला जेम्मा चर्चमध्ये आली होती, मागच्या बाकावर बसली आणि निघून गेली.

ती आता मियागावला असते. सरकारी दवाखान्यात खोकला-तापाचे पेशंट बघते. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, जाताना मोलोच्या बेकरीतली बिस्किटं नेली. अंगठा परत आलेला नाही, आता येणारही नाही म्हणाली. ती डाव्या हाताने लिहायला शिकतेय, अक्षर पोरासारखं येतं.

"रोदेलियो आला होता," ती अचानक म्हणाली.

"इथे?"

"त्याच्या बहिणीचं सासर इथलंय. बोटीवर जायच्या आधी रक्तदाबाचा दाखला लागतो ना, त्यासाठी आला होता. बाहेर रांगेत बसला होता. दार उघडं होतं, त्याने मला बघितलं."

"मग?"

"उठून गेला. सिस्टरने त्याचा नंबर दोनदा पुकारला." तिने बिस्किटाचा पुडा डाव्या हाताने आणि दातांनी फाडला. "मग त्याच्यानंतरची बाई आत आली. तिला पोटात दुखत होतं."

"आणि?"

"तपासलं. आणि इलोइलोला पाठवून दिलं."